ऐंशी रुपयांची उसनवारी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही काहीतरी लिहून द्यावे असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळाचा जमाखर्च लिहिणे निराळे आणि लेख लिहिणे निराळे. जमाखर्चात चुकले तर खोडून दुरुस्त करता येते, छापलेले कसे खोडणार? परंतु गेल्या दिवाळीपूर्वीच्या सभेत आपल्याकडे जो वाद झाला त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले आहे. भाषेत काही उणे असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

त्या सभेस ज्या हजर नव्हत्या त्यांच्यासाठी वाद थोडक्यात सांगते. मंडळाची शिल्लक ४७,००० रुपये झाली होती. दरवर्षीप्रमाणे गरजू बायांना दिवाळीचा शिधा आणि एकेक लुगडे द्यावे, असे अध्यक्षबाईंचे व वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे पडले. नव्या सुनांनी सुचवले की ते पैसे घालून मिरची कांडप यंत्र घ्यावे आणि ज्यांना आपण शिधा देतो त्यांनाच ते चालवावयास द्यावे. त्यावर एक जण म्हणाली, "देवाच्या दारचे दान म्हणजे काय दुकान आहे का?" दुसरी म्हणाली, "मग काय जन्मभर पिशवीच द्यायची?" आवाज चढले, चहा निवून गेला आणि सभा निर्णय न होताच उठली.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. पण घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. गेली नऊ वर्षे हिशेब माझ्याकडे आहे. शिध्याच्या यादीत नऊ वर्षांपूर्वी अकरा नावे होती. त्यांतल्या दोघी वारल्या. उरलेली नऊ नावे आजही तशीच आहेत, त्यांच्याखाली आणखी सहा वाढली आहेत. यादीतून बरी होऊन बाहेर पडलेले नाव एकही नाही.

नाही म्हणायला एक आहे, पण ते या वह्यांच्या आधीचे. त्याविषयी पुढे सांगेन.

माझी लेक जालन्यास महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, "आई, तुमचे भांडण नवीन नाही, आमच्याकडे याला सामाजिक उद्योग म्हणतात." म्हणजे धंदाच करायचा, मालाचा दाम घ्यायचा, तोटा होऊ द्यायचा नाही, पण धंदा काढायचा तो समाजाचे एखादे दुखणे हलके व्हावे म्हणून. मग मी वाचनालयातून पुस्तके आणली, लेकीने काही काही शोधून वाचून दाखवले, आणि आपल्याआधी हा प्रश्न कोणाकोणास पडला होता ते जुळवत गेले. त्यातले जे मनास लागले ते इथे देते.

आपल्या महाराष्ट्रात निराधार बाईचा प्रश्न पहिल्याने घेतला तो शिक्षण आणि आसरा यांच्या वाटेने. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना गोळा करून पुण्याजवळ केडगावी आणले. तेथील मुक्ती सदनात मुलींना नुसते जेवू घालून बसवले नाही. विणकाम, शेती, गाईगुरे, इतकेच काय छापखानाही होता आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली आणि १९०० साली हिंगण्यास झोपडी उभारली. त्या संस्थेसाठी पार्वतीबाई आठवले या केशवपन केलेल्या बाईने गावोगाव फिरून वर्गणी जमवली, त्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन काढले. तेथे शिवण, शिक्षिकेचे काम, रोग्यांची शुश्रूषा असे शिकवून विधवांना आपल्या पायावर उभे केले.

या सर्व थोर संस्था. परंतु त्यांचा खर्च चालत असे तो मुख्यत्वे देणगीवर. शिकून बाहेर पडलेली बाई कमावती होई, संस्थेला मात्र दरवर्षी झोळी घेऊन हिंडावे लागे. आणि जी बाई घर सोडून आश्रमात जाऊ शकत नव्हती, जिचा नवरा होता, पोरे होती आणि तरी चूल पेटत नव्हती, तिचे काय? आपल्या यादीतल्या पंधराजणी अशाच आहेत. त्या कोठल्या आश्रमात जाणार?

आता थोडे घरचे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, १९७२ च्या दुष्काळात नव्या नवरी होत्या. तेव्हा आपला अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १९८१ च्या १ मे रोजी. त्या दुष्काळाचे नाव आपल्याकडे अजूनही निघते. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे काढली आणि लाखो माणसे त्यांवर जगली. बायाही पुरुषांबरोबर होत्या. आत्याबाई खडी फोडत. हाताला फडके गुंडाळून बसायचे, दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी लहान दिरांसाठी आणायची. त्याच कामांतून पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना आकारास आली, आणि मागेल त्याला काम ही गोष्ट महाराष्ट्रात कायद्याने मान्य झाली. भीक नव्हे, काम. ही मोठीच गोष्ट झाली.

पण आत्याबाई त्याची आठवण सांगताना हटकून एक वाक्य घालतात. "हजेरी माझी, अंगठा माझा, आन् पैका मामंजींच्या हातात." दीड वर्ष खडी फोडून त्यांच्या हाती आठवड्याच्या बाजाराचे चार आणेही कधी आले नाहीत. त्यांच्या बोलण्यात राग नसतो. राग येतो तो मला, ऐकताना.

हे मनात ठेवून आता मुंबईस चला.

गिरगावात लोहाणा निवास नावाची इमारत आहे. १५ मार्च १९५९ रोजी तेथील गच्चीवर सात बाया पापड लाटावयास बसल्या. सगळ्या गुजराती, फारशा शिकलेल्या नव्हेत, बाहेर नोकरी करण्याजोग्या नव्हेत. घरचे आवरल्यावर दुपार मोकळी आणि मिळकत तुटपुंजी, ही त्यांची अडचण. येत काय होते, तर स्वयंपाक. त्यांत जसवंतीबेन जमनादास पोपट या एक होत्या. भांडवल म्हणून त्यांनी छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सारे छगनबापा म्हणत, यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले. छगनबापा गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. सेवासदनाचे देवधरही त्याच समाजाचे. मला हे वाचून गंमत वाटली. पुण्याचा धागा असा पन्नास वर्षांनी गिरगावच्या गच्चीवर निघाला, आणि निघाला तोही देणगीच्या रूपाने नव्हे, उसनवारीच्या रूपाने.

पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकली. आपण कोणाकडे देणगी मागावयाची नाही, तोटा झाला तरी नाही, असे त्या सातजणींनी आरंभीच ठरवले होते. सुरुवातीस त्यांनी दोन प्रकारचे पापड काढले, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितले की हलका काढूच नका, एकच काढा आणि तो उत्तम काढा, आणि हिशेब चोख ठेवा. तीन महिन्यांत पंचवीस बाया झाल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. मोडलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकत.

पुढचा भाग मी दोनदा वाचला, कारण तो आपल्याच मंडळावर लिहिल्यासारखा आहे. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. झाले! पावसाळ्याचा प्रश्न सुटला.

भगिनींनो, २०१८ सालचे आपले पापड आठवतात ना? आपण आषाढाच्या तोंडाशी आरंभ केला. आपल्या जालन्याकडचे ऊन असे की वैशाखात कुरडई सकाळी घातली तर दुपारी खडखडीत. त्या उन्हाचाच आपल्याला भरवसा. आणि नेमका त्या आठवड्यात आभाळ भरून राहिले. निम्म्या पापडांना बुरशी आली. जे बचावले ते आपण ओळखीपाळखीत उधारीवर दिले. कोणाच्या घरी मुंज, कोणाच्या भाचीचे लग्न. पैसे मागावयास जायचे कसे, तोंड कोणी उघडायचे? वहीत त्या खात्याचा तोटा ३,४६० रुपये लिहिला आहे आणि त्यातली काही येणी आजही येणेच आहेत. नावे छापीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ठाऊक आहेत. आपण मग "बायकांना धंदा जमत नाही" असे म्हणून हात झटकले. एका खाटेची आणि एका शेगडीची अक्कल आपल्याला सुचली नाही, एवढेच खरे म्हणजे घडले होते.

गिरगावच्या बाया मात्र वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर झाल्या, गच्ची पुरेना. तेव्हा जी रीत त्यांनी बसवली तीच पुढे सर्वत्र चालली. पीठ मळण्याचे काम केंद्रावर, म्हणजे उडीद डाळ, हिंग, मिरे, पापडखार यांचे माप सर्वांचे एकच. बाईने सकाळी यायचे, कालचे वाळलेले पापड मोजून द्यायचे, त्याची मजुरी घ्यायची आणि आजचे मळलेले पीठ वजन करून घरी न्यायचे. पोर पाळण्यात आहे, सासू आजारी आहे, तरी काम अडत नाही. पापड लाटले जातात ते घर स्वच्छ आहे की नाही हे मात्र जाऊन पाहतात. १९६२ साली मालाला लिज्जत हे नाव मिळाले. नाव सुचवण्याची स्पर्धा लावली होती आणि बक्षीस पाच रुपये होते. १९६६ साली श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड अशी संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, आणि सभासद म्हणजे मालकीण. पुरुष आहेत ते पगारी नोकर, गाडी हाकणारे, हिशेब तपासणारे. सभासद होता येते ते बाईलाच. नफा झाला तर वाटणी सर्वांची, तोटा झाला तरी सर्वांचा. आज चाळीस हजारांहून अधिक बाया त्यात आहेत. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

माझी एक शेजारीण हे ऐकून म्हणाली, "पापड लाटून कोण श्रीमंत झालंय?" खरे आहे. पापड लाटणे हे कमरेचे काम आहे, ते किलोवर मोजले जाते, आणि ज्या दिवशी लाटले नाही त्या दिवशी मजुरी नाही. पण मजुरी बाईच्या हातात पडते, आणि संस्थेच्या वहीत ते पैसे तिच्या स्वतःच्या नावावर लिहिले जातात. आमच्या आत्याबाईंना खडी फोडताना नेमके हेच मिळाले नव्हते.

मुंबईतच गिरणगावात दुसरी गोष्ट घडली. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार एकटे राहत आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बाया खोलीखोलीत खानावळी चालवीत. पैसे महिन्याच्या शेवटी मिळत, पण ज्वारी-तांदूळ, रॉकेल रोज लागे. मग वाण्याची उधारी, नाही तर सावकार, आणि सावकाराचे व्याज कमाई खाऊन टाकी. प्रेमाताई पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी लागलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करीत. १९७३-७४ च्या संपात त्यांनी पाहिले की बेचाळीस दिवस गिरण्या बंद आणि या बाया स्वतःचे किडूकमिडूक गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घालीत आहेत. संप कामगारांचा, सभेत भाषणे पुरुषांची, आणि चूल पेटती ठेवली ती बायांनी! संप संपल्यावर त्यांची विचारपूस कोणी केली नाही. प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून काही बायांना कर्ज मिळवून दिले. गहाण काही नाही. एकीला दुसरीचा जामीन. कर्जे फिटली, मग आणखी बाया आल्या. पुढे १९८२ सालचा मोठा संप झाला, गिरण्या बसत गेल्या, जेवणारेच गावी परतले. तेव्हा मंडळाने बाहेरच्या मागणीप्रमाणे जेवण पुरवण्याचे काम अंगावर घेतले. स्वयंपाक तोच, गिऱ्हाईक बदलले.

गिरगाव आणि गिरणगाव म्हणजे मुंबईची माणसे, आपल्यासारख्यांना ते कोठून जमणार, असे कोणी म्हणेल. म्हणून माणदेशाचे सांगते. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, तेथे म्हसवड. पाऊस आपल्याहून कमी. तेथे लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी एक बाई बँकेत बचतखाते उघडावयास गेली. तिला पावसाळ्यापूर्वी पालावर टाकण्यास ताडपत्री घ्यावयाची होती, त्यासाठी रोज थोडे थोडे साठवायचे होते. इतक्या थोड्या पैशांचे खाते नको, म्हणून तिला परत पाठवले. चेतना सिन्हा या मुंबईच्या, लग्न होऊन म्हसवडला आलेल्या. त्यांनी ठरवले की आपणच बायांची बँक काढू. रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण बँक काढणाऱ्या बायांतल्या कित्येक अंगठेबहाद्दर होत्या. चेतनाताई निराश होऊन परतल्या, पण बाया निराश झाल्या नाहीत. दिवसभर राबून रात्री त्या अक्षरे गिरवावयास बसल्या आणि पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. तेथील साहेबांना त्यांनी सांगितले की आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हते कारण गावात शाळा नव्हती, पण मोजता येते; आम्हाला व्याज काढावयास सांगा, तुमच्या माणसांनाही सांगा, आणि त्यांना यंत्र देऊ नका. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सातवी शिकलेल्या बाईला हे वाचून काय वाटले असेल ते मी लिहीत नाही.

आपल्या मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र होती, विसर्जन करून माणसे निजली होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, घरे जमीनदोस्त झाली. घरदुरुस्तीच्या कामी स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. घरे कशी बांधायची, सरकारी मदतीचा हिशेब कसा मागायचा, हे त्या गावात समजावून सांगत. ज्या बाईने कधी चावडीची पायरी चढली नव्हती ती अभियंत्याला सिमेंटचे प्रमाण विचारू लागली. घरे झाल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. कोणी बचत गट केले, कोणी बिनधुराच्या चुली विकू लागल्या. पुढे दुष्काळ पडू लागले तसे त्यांनी घरच्यांकडे एक मागणी केली: सगळ्या शेतात कापूस, सोयाबीन, ऊस लावा, पण अर्धा-एक एकर आमच्या हवाली करा. त्यात त्या डाळी, भाजीपाला, ज्वारी, थोड्या पाण्यावर येणारे, रासायनिक खताशिवाय पिकवतात; आधी घरात खायला, उरेल ते बाजारात. या कामासाठी संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे राहू द्या. नवऱ्याकडून एक एकर मागून घेणे ही गोष्ट किती अवघड आहे हे आपल्यातल्या शेतकरणींनी सांगावे.

बचत गट आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ च्या २४ फेब्रुवारीस स्थापन झाले, १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचे काम हाती घेतले, २०११ नंतर उमेद अभियान आले. यापैकी कशातून तरी आपल्या बहुतेकींच्या घरी पासबुक आले आहे.

आता ते मागे ठेवलेले नाव. २०१२ आणि २०१३ ही वर्षे विसरणे शक्य नाही. घाणेवाडीचा तलाव आटला, जालना शहर टँकरवर आले आणि आपल्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची दोन एकरांची बाग तीत गेली. ह्यांनी टँकर विकत घेऊन झाडे जगवण्यासाठी खासगी कर्ज काढले होते. झाडे गेली, कर्ज राहिले. २०१३ च्या दिवाळीस मंडळाच्या शिध्याच्या यादीत एक नाव होते ते माझे. गव्हाचे पीठ, साखर, तेल, रवा. पिशवी पदराखाली धरून मी मागल्या गल्लीने घरी आले. पोरांनी करंज्या खाल्ल्या. देणाऱ्या भगिनींचे उपकार मी आजही मानते आणि त्या पिशवीविषयी वाकडा शब्द मी बोलणार नाही. भुकेला आधी घासच लागतो.

दुसऱ्या वर्षी गटातून ५,००० रुपये मिळाले, त्यात जुने शिवणयंत्र घेतले. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश. पहिल्या महिन्यात ८४० रुपये झाले. ते मी यांच्या हाती दिले नाहीत, डब्यात ठेवले. चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी आत्याबाई ह्यांना म्हणाल्या, "राहू दे तिच्यापाशी." एवढेच म्हणाल्या. गटाचा हप्ता एकही चुकला नाही, आणि यादीतले माझे नाव पुढच्या वर्षी मीच सांगून कमी केले.

यावरून मी यंत्राच्या बाजूची आहे असे नव्या सुनांनी समजू नये. मला दोन्हीकडचे दिसते म्हणूनच झोप लागत नाही. गटाचे कर्ज बाईच्या नावे आणि पैसा नवऱ्याच्या मोटारसायकलीत, असे आपल्याच गल्लीत किती आहे! घरपोच कर्ज देणाऱ्या कंपन्यांची माणसे दर आठवड्यास दारात उभी राहतात आणि एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज घेतले जाते. याला उद्योग म्हणायचे नाही. शिवाय आपल्या यादीतल्या पंधराजणींपैकी चौघी सत्तरीच्या पुढच्या आहेत, एकीस दिसत नाही. त्यांच्या हाती मिरचीचे यंत्र देऊन काय करणार? त्यांना पिशवीच दिली पाहिजे, आणि मागल्या गल्लीने जावे लागणार नाही अशा रीतीने दिली पाहिजे. मात्र उरलेल्या अकराजणींच्या हातापायाला काही झालेले नाही. त्यांना मी विचारून आले आहे. सातजणी तयार आहेत, दोघींनी घरी विचारते म्हटले, दोघींनी नको म्हटले. गिरगावातही सातच होत्या, पण हा योगायोग आहे, त्यावर मी भर देत नाही.

यंत्राचे दरपत्रक जालन्याच्या दोन दुकानांतून आणून वहीत चिकटवले आहे. चार म्हाताऱ्यांच्या शिध्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यात यंत्र बसत नाही. १४,००० रुपये कमी पडतात. ते मंडळाने देणगी म्हणून न मागता सभासदांकडून उसने घ्यावेत, आणि सातजणींनी कांडपाच्या दामातून फेडावेत, असे माझ्या मनात आहे. उधारीवर मिरची कांडायची नाही, सभासदांचीसुद्धा नाही, हे आधी लिहून घ्यावे लागेल. मोसम फाल्गुन ते वैशाख. पावसाळ्यात हळद आणि मसाले मिळतात का हे पाहावे लागेल, नाही तर आपली खाट-शेगडी आपणच शोधावी लागेल.

हे सगळे मी परवा रात्री आत्याबाईंना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मला वाटले, झोपल्या. मग म्हणाल्या, "समदं खरं. पर त्या मशीनच्या खोलीची किल्ली कोणाकडं ऱ्हाणार?"

मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेत हा प्रश्न पहिला घालावा अशी मी चिटणीसबाईंना विनंती केली आहे.